मुलीचा फोन काढून घेतला म्हणून ट्रोल थांबत नाहीत

आमच्या पणदऱ्यातल्या मुस्लीम मुलींचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे डीपी पाहिले तर त्यात मुली दिसत नाहीत. गुलाबाचं फूल असतं, मेंदी काढलेला हात असतो, पाठमोरी बाहुली असते, 'सब्र' लिहिलेली पाटी असते, धाकट्या भावाचा फोटो असतो. स्वतःचा चेहरा नसतो. इन्स्टाग्रामवर तर नावही नसतं. पण याच मुलींपैकी कितीतरी जणी कुणाचं ना कुणाचं फॅन पेज चालवतात. कुणी कोरियातल्या गायकांचं, कुणी सांगलीच्या स्मृती मानधनाचं, कुणी एखाद्या मालिकेतल्या नायिकेचं. त्या व्हिडिओ कापतात, त्यावर गाणं बसवतात, किती वाजता टाकलं तर जास्त लोक बघतात हे त्यांना तोंडपाठ असतं. हजारो लोक त्यांचं काम बघतात आणि ते करणारी कोण, हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं.

गावात मुलाणी, तांबोळी, आतार, शेख अशी आमची घरं आहेत. नीरा डावा कालवा, ऊस आणि माळेगावचा कारखाना यांच्यावर इथलं बहुतेक सगळं चालतं. दहावी-बारावीनंतर मुली एसटीने बारामतीला कॉलेजला जातात, काही जणी टेक्स्टाइल पार्कात कामाला जातात. गेली काही वर्षं मी दर रविवारी या मुलींची वाचनाची बैठक घेते. तिथे पुस्तकाइतकाच फोनही उघडा असतो, म्हणून हे सगळं जवळून दिसतं.

मोठ्यांपैकी काहींना हा पोरखेळ वाटतो, काहींना बिघाड वाटतो. सुधारणेची भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनाही तो वेळेचा अपव्यय वाटतो. मला तसं वाटत नाही. फॅन असणं ही आज आपल्या मुलींची सार्वजनिक जीवनातली पहिली पायरी आहे. ती पायरी काढून घेणं हा ट्रोलिंगवरचा उपाय नव्हे. आणि मुली त्याच पायरीवर बसून राहिल्या तर तेही चळवळीला परवडणारं नाही. या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच वेळी सांभाळाव्या लागतील.

फॅन असण्यातलं शिक्षण

जून 2020 मधली गोष्ट अनेकांना आठवत असेल. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसाने मारल्यावर 'ब्लॅक लाइव्ज मॅटर' आंदोलन पेटलं. बीटीएस या कोरियन गायकांच्या गटाने आंदोलनासाठी दहा लाख डॉलर दिले. ते कळल्यावर जगभरच्या चाहत्यांनी आपणही तेवढेच देऊ असं ठरवलं आणि साधारण एका दिवसात तेवढी रक्कम गोळा केली. त्याच्या थोडं आधी डॅलसच्या पोलिसांनी आंदोलकांचे व्हिडिओ पाठवा म्हणून एक अ‍ॅप पुढे केलं होतं. कोरियन संगीताच्या चाहत्यांनी त्यावर आपल्या आवडत्या गायकांचे व्हिडिओ इतके पाठवले, की ते काही काळ बंद पडलं. या चाहत्यांत मोठा भरणा तरुण मुलींचा होता. गाणं आवडतं म्हणून जमलेली माणसं वर्णभेदाच्या प्रश्नावर कामाला आली, कारण जमायचं कसं, काम वाटून कसं घ्यायचं आणि पैशाचा हिशोब उघडा कसा ठेवायचा, हे त्यांनी आधीच शिकून घेतलं होतं.

आपल्याकडे यातलं काहीच नवीन नाही. आपल्या बायका भिशी चालवतात, बचत गट चालवतात. मुलींनी तेच फोनवर नेलं आहे. आमच्या बैठकीतल्या एका मुलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी फी कमी पडत होती. मोठ्यांनी 'बघू' म्हटलं. तिच्या फॅन ग्रुपमधल्या मुलींनी शंभर-पन्नास करत तीन दिवसांत रक्कम उभी केली आणि कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकली. त्यातल्या निम्म्या मुली एकमेकींना कधी भेटलेल्याही नव्हत्या. त्यांत एक लातूरची होती, एक बेळगावची. धर्म कुणाचा कोणता, हे कुणी विचारलं नाही. सामाजिक सलोख्याच्या किती शिबिरांना हे जमतं, याचा विचार आपणच करावा.

तीच साधनं, दुसऱ्या हातात

पण हीच साधनं वापरून घोळकाही जमवता येतो.

जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' या नावांनी जे झालं, ते या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पत्रकार, वकील, वैमानिक, कार्यकर्त्या अशा मुस्लीम स्त्रियांचे फोटो त्यांच्याच खात्यांवरून उचलून 'लिलावाला' लावले गेले. बेपत्ता विद्यार्थी नजीबच्या आईलाही त्यातून सोडलं नाही. या स्त्रियांची निवड कशावरून झाली? त्यांनी आपलं नाव, चेहरा आणि मत एकाच ठिकाणी ठेवलं होतं, यावरून. मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटकसत्र सुरू केलं, तेव्हा आरोपींमध्ये बंगळुरूचा 21 वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी निघाला आणि उत्तराखंडची एक 18 वर्षांची मुलगी निघाली.

ही मुलगी मला विसरता येत नाही. वयाने ती आमच्या बैठकीतल्या मुलींएवढी. तिच्यावरचा आरोप कोर्टात ठरेल. पण वय, फोन, ग्रुप, रात्रीची जागरणं हे सगळं सारखं असताना एक मुलगी फीसाठी पैसे गोळा करते आणि दुसरीवर असा आरोप येतो, तेव्हा फरक इंटरनेटने पाडलेला नसतो. त्या ग्रुपमध्ये कशावर हसायचं आणि कशावर थांबायचं, हे कुणी ठरवलं, त्यावर तो पडतो.

क्रिकेटचंच पाहा. 30 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने 338 धावा केल्या होत्या. जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 काढून भारताला जिंकून दिलं. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कुणी झोपलं नाही. सामना संपल्यावर ती रडत रडत बोलली. स्पर्धेच्या काळात आपण किती अस्वस्थ होतो, रोज कसं रडत होतो, हे तिने लाखो लोकांसमोर सांगितलं. अशी गोष्ट घरात आईला सांगतानाही आमच्या मुली दहादा विचार करतात.

याच जेमिमाला वर्षभरापूर्वी किती शिव्या पडल्या होत्या! मुंबईतल्या एका जिमखान्यात तिच्या वडिलांनी धर्मप्रसाराचे कार्यक्रम घेतल्याचा आरोप झाला, त्यांनी तो नाकारला, जिमखान्याने तिचं मानद सदस्यत्व रद्द केलं, आणि राग निघाला तो तिच्या खात्यावर. मग 127 आले आणि ती सगळ्यांची लेक झाली. पण बक्षीस समारंभात तिने येशूचे आभार मानले, तर काही जण पुन्हा सुरू झाले. आमच्या बैठकीतली एक मुलगी म्हणाली, "आपा, म्हणजे 127 काढले तरी परीक्षा संपत नाही ना?" तिने ज्या आवाजात हे विचारलं, त्यावरून ती जेमिमाबद्दलच विचारत नव्हती, हे सगळ्यांना कळलं.

घरचा उपाय आणि जळगावची आठवण

असं काही आपल्या घरापर्यंत आलं की आपण काय करतो? मुलीचा फोन काढून घेतो.

आमच्या भागातल्या एका मुलीचा लग्नातला फोटो कुणीतरी उचलला आणि तिच्या नावाने खोटं खातं उघडून त्यावर घाण लिहिली. दुसऱ्या दिवशी भावाने तिचा फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढचे दोन महिने कॉलेज बंद. खोटं खातं मात्र चालूच राहिलं, कारण ते बंद करायला तक्रार द्यावी लागते, आणि तक्रार दिली की गावाला कळतं. मुलीची आई मला म्हणाली, "आपा, फोनच नसता तर हे झालं नसतं." मी म्हटलं, "भाभी, रस्ता नसता तर अपघातही झाला नसता. म्हणून आपण रस्ता खणून ठेवतो का?" त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. मला त्यांच्या भीतीची चेष्टा करायची नाही. त्यांच्यावर सगळ्या आळीची नजर असते आणि फोटो चोरणाऱ्याच्या आईवर कुणाचीच नसते.

आपल्या समाजात हा उपाय जुनाच आहे. 1982 साली जळगावात जमातीने मुस्लीम बायकांना सिनेमा पाहायला बंदी घातली होती. छात्र युवा संघर्ष वाहिनीत काम करणारी रझिया पटेल ही तरुणी त्याविरुद्ध उभी राहिली आणि बायकांना घेऊन बंदी मोडायला निघाली. 'चाहूल' या पुस्तकात तिने आपला तो काळ लिहून ठेवला आहे. सिनेमासारख्या फालतू गोष्टीसाठी कशाला एवढं, असं म्हणणारे तेव्हाही असणार. पण भांडण सिनेमाच्या दर्जाचं नव्हतंच. तिकीट काढून अंधारात तीन तास बसायचं की नाही, हे बाईने ठरवायचं की जमातीने, एवढाच प्रश्न होता. थिएटरात वाईट माणसं असतात म्हणून बाईने जाऊ नये, हा तेव्हाचा तर्क. इंटरनेटवर वाईट माणसं असतात म्हणून मुलीने फोन ठेवू नये, हा आजचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 33.3 टक्के आणि पुरुष 57.1 टक्के निघाले. स्वतःला वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया 53.9 टक्के होत्या. म्हणजे आपल्या जवळपास निम्म्या बायकांकडे काढून घ्यायलाही फोन नव्हता. ज्या मुलीकडे आज फोन आहे, तो तिने बहुतेक वेळा भांडून, शिकवणी घेऊन किंवा ऑनलाइन अभ्यासाचं कारण सांगून मिळवलेला असतो. तो गेला तर फॅन पेजबरोबर शिष्यवृत्तीचा फॉर्म, परीक्षेचं हॉल तिकीट आणि नोकरीची जाहिरातही जाते.

पालघर आणि आपली कसोटी

आता थोडं मागे, 2012 च्या नोव्हेंबरमध्ये जाऊ. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झाल्यावर मुंबई बंद राहिली. पालघरच्या 21 वर्षांच्या एका मुस्लीम मुलीने, एका माणसाच्या मृत्यूसाठी सगळं शहर का थांबावं, अशा आशयाची पोस्ट फेसबुकवर लिहिली. तिच्या हिंदू मैत्रिणीने ती लाइक केली. जमाव जमला, मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. मुलीने पोस्ट काढून माफी मागितली, तरी दोघींना अटक झाली. देशभर टीका झाल्यावर काही पोलीस अधिकारी निलंबित झाले. याच घटनेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 24 मार्च 2015 ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ए रद्द झालं.

मुलींना मी ही गोष्ट नेहमी सांगते, आणि प्रत्येक वेळी त्यांना मैत्रिणीचा लाइक जास्त भावतो. तिने काही लिहिलं नव्हतं. फक्त आपल्या मैत्रिणीच्या म्हणण्याखाली बोट ठेवलं होतं आणि तेवढ्यासाठी पोलीस ठाणं पाहिलं. चळवळीत आपण त्याला सोबत म्हणतो.

पण ही कसोटी आपल्या बाजूच्या मुलीपुरती लावून चालत नाही. मे 2022 मध्ये शरद पवारांवरच्या एका फेसबुक पोस्टसाठी अभिनेत्री केतकी चितळे हिला अटक झाली आणि ती महिनाभराहून जास्त काळ कोठडीत राहिली. राज्यात ठिकठिकाणी तिच्यावर गुन्हे नोंदले गेले. ती पोस्ट मला ओंगळ वाटली, आजही वाटते. तरीही एका पोस्टसाठी एवढे दिवस तुरुंग, हे चूकच होतं. साहेबांना मानणाऱ्या या तालुक्यात हे म्हणणं सोपं नव्हतं आणि फारसं कुणी म्हटलंही नाही. पालघरला एका नेत्याचे चाहते होते, इथे दुसऱ्या. मुलगी कोण आहे आणि नेता कोणाचा आहे, हे पाहून आपलं मत बदलत असेल, तर आपणही फॅनच आहोत, फक्त वयाने मोठे.

नेत्यांचे फॅन

2024 ची लोकसभा निवडणूक आमच्याकडे याच चष्म्यातून पाहण्यासारखी होती. बारामतीत एकाच घरातल्या नणंद-भावजय समोरासमोर. 7 मेला मतदान झालं, सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या, सुनेत्रा पवार हरल्या. दोन्ही मुख्य उमेदवार स्त्रिया असण्याचा योग किती मतदारसंघांना येतो? पण गावच्या ग्रुपवर बोलणं कशावर चाललं होतं? सून घरची की बाहेरची, कुणाची साडी कशी, कोण कार्यक्रमात रडलं, कोण हसलं. दोन्हीकडच्या पोरांनी रील काढले, खाली एकमेकांच्या आया-बहिणींवर उतरले. बायकांच्या निवडणुकीत शिव्याही बायकांच्याच नावाने.

आमच्या मुलीही त्यात होत्या. काही ताईंच्या बाजूने, काही वहिनींच्या. एका रविवारी मी त्यांना एवढंच म्हटलं, की आपापल्या उमेदवाराला विचारायचा एक प्रश्न प्रत्येकीने लिहून आणा. कागदावर आलं ते असं: टेक्स्टाइल पार्कातून रात्रपाळीनंतर घरी कसं यायचं. ऊसतोडीला आलेल्या बायकांच्या पोरी शाळेत का दिसत नाहीत. मुलींच्या वसतिगृहात जागा किती. यातला एकही प्रश्न रीलमध्ये नव्हता. प्रश्न मुलींकडे होते, पण फॅन झाल्यावर विचारायचे नसतात, असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं.

आवडत्या माणसाला प्रश्न विचारता येणं, हीच फॅनपासून नागरिकापर्यंतची वाट आहे. त्यासाठी आवड सोडावी लागत नाही.

ट्रेंडमधली फातिमाबी

न्यायाच्या बाजूचा ट्रेंड म्हणून तो खरा, असंही समजायचं कारण नाही. फातिमा शेख यांचं उदाहरण आपल्या घरचंच आहे.

9 जानेवारी 2022 ला गुगलने त्यांच्यावर डूडल केलं. त्यानंतर दर वर्षी 9 जानेवारीला आपल्या मुली त्यांचं चित्र डीपीवर लावतात. स्वतःचा चेहरा लावता येत नाही, तिथे फातिमाबींचा लावतात, हे मला फार हलवून जातं. पण या जन्मतारखेला त्या काळातल्या कागदाचा आधार कुणी दाखवलेला नाही. मग 2025 च्या त्याच दिवशी दिल्लीतले पत्रकार दिलीप मंडल यांनी, हे पात्र आपणच रचलं होतं, असा दावा केला. दिवसभर तो ट्रेंड चालला. कालपर्यंत डीपी लावणाऱ्या मुली संध्याकाळी मला विचारू लागल्या, "आपा, म्हणजे ती नव्हतीच का?"

याचं उत्तर कुठल्याच ट्रेंडमध्ये नव्हतं, ते एका पत्रात होतं. 10 ऑक्टोबर 1856 ला सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिरावांना पत्र लिहिलं. त्या आजारपणामुळे माहेरी होत्या. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्यांनी त्यात म्हटलं आहे. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात छापलेलं आहे. नायगाव आम्हाला परकं नाही, नीरा ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो.

आम्ही बैठकीत ते पत्र मोठ्याने वाचलं. एक मुलगी म्हणाली, "मग हा स्क्रीनशॉटच झाला की!" अगदी बरोबर. फॅन पेजवर कुणी खोटी बातमी टाकली तर या मुली पहिल्यांदा पुरावा मागतात. हीच सवय इतिहासाला लावायची, धर्माच्या नावाने येणाऱ्या फॉरवर्डला लावायची आणि आपल्या बाजूच्या पोस्टलाही लावायची. फातिमाबींना जन्मतारखेची सजावट नको आहे. दुसऱ्या बाईच्या आजारपणात शाळेचं काम न कुरकुरता ओढणारी बाई, एवढी ओळख पुरेशी मोठी आहे.

आता काय करायचं

पहिली गोष्ट घरांसाठी. मुलीने त्रास सांगितला तर तिचा फोन हातात घेऊ नका, तक्रार हातात घ्या. खोट्या खात्याचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे काढून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांबाबतच्या काही तक्रारी नाव न देताही करता येतात. 2021 च्या आयटी नियमांनी बदललेले किंवा खासगी फोटो तक्रारीनंतर 24 तासांत काढण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये इंटरनेटवरून मुलीवर पाळत ठेवणंही गुन्हा आहे. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर 'झिरो एफआयआर' मागता येते. एवढं प्रत्येक आईला माहीत असलं, तर कपाटाच्या कुलपाची गरज कमी होईल.

दुसरी गोष्ट जमातीच्या मोठ्यांसाठी. जुम्म्याला मुलींच्या फोनबद्दल बोलता, तसं एकदा मुलांच्या फोनबद्दलही बोला. बहिणीचा डीपी बदलायला लावणारा भाऊ रात्री कुणाच्या खात्यावर काय लिहितो, हेही विचारा. हया दोघांसाठीही आहे.

तिसरी गोष्ट आपल्या चळवळीसाठी. आपल्या कार्यक्रमांच्या पोस्टरवर मुलींचे फोटो असतात, माइक पुरुषांच्या हातात असतो आणि पेजचा पासवर्ड एखाद्या भाईंकडे असतो. ज्या मुली दहा हजार लोकांचं पेज एकटीने चालवतात, त्यांना आपण सतरंज्या घालायला आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायला बोलावतो. त्यांच्या हातात पेज द्या. त्या चुकतील, मीम टाकतील, आपल्याला न कळणारी गाणी लावतील. पण पुढच्या वर्षी सभेला कोण येतं, ते पाहा.

18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लीम बायका मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. तलाकचा प्रश्न मांडायला त्या आपलं नाव आणि चेहरा घेऊन भर रस्त्यात आल्या होत्या. त्यांनाही त्या दिवशी लोकांनी नावं ठेवलीच असतील. खात्यावर स्वतःचं नाव लिहायचं की नाही, चेहरा ठेवायचा की फूल, हे आपल्या मुली ठरवतील. फूल ठेवलं म्हणून ती मागासलेली ठरत नाही आणि चेहरा ठेवला म्हणून ती बिघडलेली ठरत नाही. पण एखादीने चेहरा ठेवला आणि त्या रात्री तिच्यावर घोळका चालून आला, तर तिच्या बाजूने पहिली कमेंट कुणाची असेल? ते मात्र आपण आजच ठरवून ठेवायला हवं.